अन्नातून होणारे जिवाणू संसर्ग आणि त्यांची नोंद : एक अभ्यास



वार्षिक अहवालात जमाखर्च व ताळेबंद यांच्या जोडीने एखाद्या आरोग्यविषयाचा परिचय करून देणे उपयुक्त ठरते. यंदा निवडलेला विषय वरकरणी अगदी साधा आहे. तो म्हणजे उलट्या-जुलाब. पावसाळा सुरू झाला की पिंपरी-चिंचवडपासून चाकणपर्यंत प्रत्येक दवाखान्यात या तक्रारीचे रुग्ण येऊ लागतात. सलाईन लागते, दोन-तीन दिवसांत बहुतेक जण कामावर परततात आणि प्रकरण मिटले असे आपण समजतो. परंतु तो रुग्ण कोठे जेवला, त्याच्या पंगतीला आणखी कोण होते, त्यांपैकी किती जण आजारी पडले, या प्रश्नांची उत्तरे कोणी एकत्र मांडली नाहीत, तर तेच स्वयंपाकघर किंवा तीच पाण्याची टाकी पुढच्या आठवड्यात आणखी कित्येकांना अंथरुणाला खिळवते.

ही उत्तरे एकत्र मांडण्याच्या कामास सार्वजनिक आरोग्याच्या परिभाषेत रोगसर्वेक्षण म्हणतात. प्रस्तुत लेखक वैद्यक नाही, वाणिज्य शाखेचा पदवीधर आहे. त्यामुळे हा विषय हिशेबाच्या भाषेत मांडण्याची मुभा वाचकांनी द्यावी. पेढीवर दिवसभरात घडलेले व्यवहार घडले त्या क्रमाने रोजकीर्दीत उतरतात. मात्र अमुक एकाकडून एकूण किती येणे आहे हे नुसती रोजकीर्द चाळून कळत नाही. त्यासाठी प्रत्येक रक्कम खतावणीत त्या त्या खात्यावर चढवावी लागते. रुग्णालयातील केसपेपर ही आजारांची रोजकीर्द होय. त्यातील नोंदी वस्ती, कारखाना, जेवणाचे ठिकाण आणि पाण्याचा स्रोत अशा खात्यांवर चढवल्या की रोगसर्वेक्षण होते. पहिले काम प्रत्येक दवाखान्यात होते. दुसरे फार थोड्या ठिकाणी होते. त्या दुसऱ्या कामाचे महत्त्व सांगणे हाच या लेखाचा हेतू आहे.

जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ साली प्रसिद्ध केलेल्या अंदाजानुसार दूषित अन्नामुळे जगात दरवर्षी सुमारे ६० कोटी लोक आजारी पडतात आणि ४ लाख २० हजार दगावतात. मृतांपैकी १ लाख २५ हजार ही पाच वर्षांखालील बालके असतात. हे आकडे अंदाजाने काढावे लागतात, कारण बहुतेक देशांत प्रत्यक्ष रुग्णांची मोजदाद होतच नाही.

या पट्ट्याचे वेगळेपण

आपल्या औद्योगिक पट्ट्यात या मोजदादीचे काम इतर शहरांपेक्षा कठीण आहे. त्याचे कारण येथील जेवणाच्या व्यवस्थेत आहे. एका मोठ्या स्वयंपाकघरात पहाटे शिजलेले जेवण टेम्पोतून निघते आणि महाळुंगे, निघोजे, कुरुळी, खराबवाडी अशा निरनिराळ्या ठिकाणच्या कारखान्यांत दुपारी किंवा संध्याकाळच्या पाळीला वाढले जाते. जेवणारा कामगार कदाचित मोशीत किंवा भोसरीत चौघांच्या खोलीत राहतो. रात्री तो मेसमध्ये जेवतो आणि सकाळी प्रवेशद्वाराबाहेरच्या गाडीवर पोहे खातो. पोटात कळ आली की तो खोलीजवळच्या डॉक्टरांकडे जातो, कारखान्याजवळच्या नव्हे. एकाच पातेल्यातील भाजीने चाळीस जण आजारी पडले तरी ते वीस डॉक्टरांकडे विखुरतात. प्रत्येक डॉक्टरांना दोनच रुग्ण दिसतात आणि दोन रुग्ण ही कोणालाच मोठी गोष्ट वाटत नाही.

एका छताखाली राहणारी माणसे आजारी पडली तर मात्र बोभाटा होतो. एप्रिल २०२४ मध्ये आपल्याच खेड तालुक्यातील एका निवासी प्रशिक्षण केंद्रात पन्नासहून अधिक विद्यार्थ्यांना जेवणातून विषबाधा झाली आणि ती लगेच लक्षात आली. डिसेंबर २०२१ मध्ये तमिळनाडूतील श्रीपेरुंबुदूर येथे एका मोठ्या इलेक्ट्रॉनिक कारखान्याच्या वसतिगृहातील अडीचशेहून अधिक महिला कामगार आजारी पडल्या. दीडशेहून अधिक जणींना रुग्णालयात दाखल करावे लागले आणि कामगार रस्त्यावर उतरल्यावर ही बातमी देशभर पोहोचली. तेवढीच माणसे वीस वस्त्यांत पांगलेली असती तर त्यांचे आजारपण कोणाच्या दफ्तरात एकत्र आले असते, हा प्रश्न आपल्या पट्ट्यापुढे रोज उभा आहे.

त्यात प्रशासकीय हद्दींची भर पडते. स्वयंपाकघर पिंपरी-चिंचवड महानगरपालिकेच्या हद्दीत, कारखाना खेड तालुक्यातील ग्रामपंचायतीत आणि रुग्ण चाकण नगरपरिषदेच्या हद्दीत, असे सहज घडते. शहरातील रुग्णांची माहिती महापालिकेच्या वैद्यकीय विभागाकडे जाते आणि ग्रामीण रुग्णांची जिल्हा परिषदेच्या आरोग्य विभागाकडे. अन्नाचे नमुने घेण्याचा अधिकार अन्न व औषध प्रशासनाचा असतो. विमाधारक कामगार चिंचवडच्या मोहननगरमधील राज्य कामगार विमा रुग्णालयात जातो, तर इतर जण खासगी किंवा धर्मादाय रुग्णालयात येतात. एकाच घटनेच्या नोंदी अशा चार-पाच वह्यांत वाटल्या जातात.

कायद्याने उपाहारगृहाची तरतूद केलेली आहे. १९४८ च्या कारखाने अधिनियमातील कलम ४६ अन्वये २५० पेक्षा अधिक कामगार असलेल्या कारखान्यांना उपाहारगृह सक्तीचे करता येत असे. २०२० च्या व्यावसायिक सुरक्षा संहितेने ही संख्या कंत्राटी कामगारांसह १०० वर आणली. तरीही या पट्ट्यातील कित्येक लघुउद्योग त्या संख्येच्या आतच राहतात. तेथील कामगारांची भिस्त मेस, डबा आणि हातगाडी यांवरच असते. त्या मेसवाल्या मावशी किंवा डबेवाले यांना दोष देण्याचा येथे मुळीच उद्देश नाही. त्यांच्या कष्टांवर हा पट्टा जेवतो.

पाण्याची बाजूही विसरता येत नाही. नोव्हेंबर २०१९ मध्ये पिंपरी-चिंचवड शहरात दिवसाआड पाणीपुरवठा सुरू झाला. पाणी रोज येत नसले की पिंपे आणि टाक्या भरून ठेवाव्या लागतात, टँकर मागवावे लागतात. रिकाम्या राहिलेल्या जलवाहिनीला कोठे गळती असेल तर बाहेरचे घाण पाणी आत शिरण्याची शक्यता वाढते. शुद्धीकरण केंद्रातून निर्दोष निघालेले पाणी ताटापर्यंत निर्दोष पोहोचेलच असे नाही. म्हणून घरच्या नळाच्या पाण्यात लिटरमागे किमान ०.२ मिलिग्रॅम क्लोरिन शिल्लक असावे, असे मानक ठरवलेले आहे.

प्रत्येक जिवाणूचे वेगळे घड्याळ

रुग्णाला आपण पहिला प्रश्न विचारतो, "काल रात्री काय खाल्ले?" हा प्रश्न पुष्कळदा अपुरा ठरतो, कारण जेवण आणि आजार यांमधील अंतर प्रत्येक जिवाणूगणिक बदलते.

स्टॅफिलोकॉकस ऑरियस हा जिवाणू आचाऱ्याच्या हातावरील जखमेतून किंवा नाकातून अन्नात येतो आणि अन्नातच विष तयार करून ठेवतो. दुधाचे पदार्थ, मिठाई, पनीर यांतून ते पोटात गेले की एक ते सहा तासांत जोराच्या उलट्या सुरू होतात. शिजवून तासन्तास बाहेर ठेवलेल्या भातातील बॅसिलस सिरियस उलट्यांसाठी साधारण तेवढाच वेळ घेतो. त्याच जिवाणूच्या दुसऱ्या प्रकारात आठ ते सोळा तासांनी जुलाब होतात. मोठ्या पातेल्यातील मटणाचा किंवा घट्ट भाजीचा रस्सा सावकाश निवत राहिला की क्लॉस्ट्रिडियम परफ्रिंजेन्सला वाढण्यास वाव मिळतो. त्याचा त्रासही बहुधा आठ ते सोळा तासांनी जाणवतो. अंडी, कोंबडी, दूध यांतून येणारा साल्मोनेला साधारणपणे सहा तास ते तीन दिवस घेतो. शिगेलाची आव एक-दोन दिवसांनी दिसते. कॅम्पिलोबॅक्टरला दोन ते पाच दिवस लागतात. विषमज्वर, म्हणजेच टायफॉइड, तर एक ते दोन आठवडे आणि कधी त्याहूनही उशिरा प्रकट होतो. तोपर्यंत त्या जेवणाची आठवणही राहिलेली नसते.

म्हणून आजार सुरू झाल्याची वेळ नोंदणे हाच तपासाचा पहिला धागा ठरतो. एका पाळीचे कामगार जेवणानंतर तीन तासांत उलट्या करू लागले तर संशय आचाऱ्याच्या हातांकडे आणि उघड्या पदार्थांकडे जातो. तेच कामगार तिसऱ्या दिवशी तापाने व जुलाबाने आले तर कच्च्या कोंबडीकडे, दुधाकडे किंवा पाण्याकडे पाहावे लागते. अन्न गरम ठेवायचे तर ६० अंश सेल्सिअसच्या वर आणि थंड ठेवायचे तर ५ अंशांच्या खाली, हा नियम यासाठीच आहे. या दोहोंमधील तापमानात जिवाणूंची वाढ झपाट्याने होते.

सारीच विषबाधा जिवाणूंची नसते, हेही ध्यानात ठेवावे. फेब्रुवारी २०२४ मध्ये बुलढाणा जिल्ह्यातील लोणार तालुक्यात सोमठाणा येथे हरिनाम सप्ताहात उपवासाची भगर व आमटी खाल्ल्यानंतर शेकडो भाविक आजारी पडले. रुग्णालयात जागा न उरल्याने उघड्यावर दोऱ्या बांधून सलाईन लावावे लागले. महाराष्ट्रात भगरीतून विषबाधा वारंवार होते आणि दमट जागी साठवलेल्या भगरीत बुरशीचे विष तयार होऊ शकते. त्यावर जिवाणूनाशक औषधाचा उपयोग नसतो. लक्षणे सारखी दिसली तरी कारण वेगळे असते आणि ते नमुना तपासल्याशिवाय कळत नाही.

मोजणीचे साधे गणित

दोषी पदार्थ शोधण्याची रीत एका काल्पनिक उदाहरणाने स्पष्ट होईल. समजा, एका पाळीत २०० कामगार जेवले. वरण-भात सर्वांनी खाल्ला. पनीरची भाजी १२० जणांनी घेतली आणि ८० जणांनी घेतली नाही. एकूण ६४ जण आजारी पडले. नुसत्या ६४ या आकड्यावरून काहीच उलगडत नाही. पण भाजी खाणाऱ्या १२० पैकी ६० आणि न खाणाऱ्या ८० पैकी ४ आजारी पडले, अशी विभागणी केली की चित्र पालटते. पहिल्या गटात प्रमाण १०० मागे ५० आहे आणि दुसऱ्यात १०० मागे ५. भाजी खाणाऱ्यांना दहापट धोका होता, हे प्रयोगशाळेचा अहवाल येण्यापूर्वीच दिसते आणि संध्याकाळच्या पाळीचे ताट थांबवता येते.

या गणितासाठी जे आजारी पडले नाहीत त्यांनाही विचारावे लागते, ही त्यातील महत्त्वाची खुबी आहे. १८५४ साली लंडनमध्ये डॉ. जॉन स्नो यांनी पटकीच्या साथीचा माग ब्रॉड स्ट्रीटवरील पाण्याच्या पंपापर्यंत काढला. त्या वेळी मृतांची घरे नकाशावर मांडण्याबरोबरच, शेजारी राहूनही जे वाचले ते कोणते पाणी पीत होते, याचीही त्यांनी चौकशी केली होती. पटकीचा जिवाणू तेव्हा वैद्यकजगताला ठाऊकही झालेला नव्हता. नीट ठेवलेल्या नोंदीचे बळ यावरून ध्यानात यावे.

शासकीय यंत्रणा आणि तिचा पाया

आपल्या देशात या कामाची जाग १९९४ च्या सुरतेतील प्लेगने आणली. त्यानंतर १९९७ मध्ये संसर्गजन्य रोगांसाठी राष्ट्रीय सर्वेक्षण कार्यक्रम सुरू झाला आणि नोव्हेंबर २००४ मध्ये एकात्मिक रोग सर्वेक्षण प्रकल्प हाती घेण्यात आला. पहिल्या टप्प्यातील राज्यांत महाराष्ट्राचा समावेश होता. या व्यवस्थेत तीन नमुने भरले जातात. आरोग्य सेविका लक्षणांवरून भरतात तो 'एस', डॉक्टर अनुमानित निदानावरून भरतात तो 'पी' आणि प्रयोगशाळा खात्रीलायक निदानावरून भरते तो 'एल'. ही माहिती दर आठवड्याला जिल्ह्याकडे व तेथून वर जात असे. एप्रिल २०२१ मध्ये एकात्मिक आरोग्य माहिती मंच देशभर सुरू झाला आणि कागदी नमुन्यांची जागा संगणकीय नोंदीने घेतली.

अन्नाच्या बाजूने २००६ चा अन्न सुरक्षा व मानके कायदा ऑगस्ट २०११ पासून अमलात आला. त्याच्या कलम ३५ मध्ये डॉक्टरांना अन्नविषबाधेची सूचना देणे बंधनकारक करण्याची तरतूद आहे. कायदा आहे, संगणकही आहे. उणीव जाणवते ती सर्वांत खालच्या पायरीवर. डॉक्टरांच्या टेबलावर जे लिहिले गेले नाही ते कोणत्याही संगणकात उमटणार नाही.

पाया भक्कम असेल तर काय साधते याचे उदाहरण शेजारीच आहे. नवी मुंबई महानगरपालिकेने २०१८ मध्ये नव्या टायफॉइड लसीची मोहीम हाती घेऊन पहिल्या टप्प्यात एक लाखाहून अधिक मुलांना लस दिली. भारतात सार्वजनिक आरोग्यसेवेतून ही लस प्रथमच दिली गेली. मोहिमेसोबत रक्ताच्या कल्चर तपासणीवर आधारित रुग्णनोंद ठेवली गेली, म्हणून लसीचा प्रत्यक्ष उपयोग किती झाला हे मोजता आले. ईशान्य भारतातील राज्यांत भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने २०२० पासून अन्नजन्य जिवाणूंचे असेच शोधसर्वेक्षण चालवले. आपल्या पट्ट्यालाही या वाटेने जाता येईल.

मनात आणले तर आपणही नोंद ठेवू शकतो, हे आषाढी वारीत दिसते. देहू आणि आळंदीहून पालख्या निघतात, तुकोबांची पालखी आकुर्डीत मुक्कामाला येते. त्या दिवसांत पाण्याचे स्रोत, टँकर आणि उपाहारगृहे तपासली जातात, फिरती पथके रुग्णांची नोंद घेतात. वारीची पंगत काही दिवसांची असते. कारखान्यांच्या पट्ट्यात ती वर्षाचे बाराही महिने तिन्ही पाळ्यांना बसते.

२०२५ चा धडा

जानेवारी २०२५ मध्ये पुण्यातील सिंहगड रस्ता, नांदेड गाव, किरकटवाडी, धायरी या परिसरांत गुलेन-बॅरी सिंड्रोम, म्हणजेच जीबीएस, या एरवी तुरळक आढळणाऱ्या विकाराचे रुग्ण एकदम वाढले. या विकारात शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच मज्जातंतूंवर हल्ला करते. पायांतून मुंग्या येतात, शक्ती जाते आणि काही रुग्णांना श्वासासाठी व्हेंटिलेटर लागतो. राज्य शासनाने २१ जानेवारीला शीघ्र कृती पथक नेमले. पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेने तपासलेल्या शौचाच्या काही नमुन्यांत कॅम्पिलोबॅक्टर जेजुनी हा जिवाणू, तर काहींत नोरोव्हायरस आढळला. मार्च २०२५ पर्यंतच्या शासकीय आकडेवारीत सुमारे २२५ संशयित रुग्ण होते. त्यांपैकी ३३ पिंपरी-चिंचवड महापालिका हद्दीतील होते. निश्चित व संशयित मिळून १२ मृत्यू नोंदले गेले. आपल्या शहरातील रुग्णांसाठी यशवंतराव चव्हाण स्मृती रुग्णालयात मोफत उपचारांची सोय करण्यात आली.

या घटनेतून शिकण्यासारखी गोष्ट अशी की, लक्ष वेधले ते मज्जातंतूंच्या विकाराने. त्याआधी एक ते तीन आठवडे होऊन गेलेल्या जुलाबाकडे कोणाचे लक्ष गेले नव्हते. सर्वसाधारणपणे कॅम्पिलोबॅक्टरच्या सुमारे हजार संसर्गांमागे एकाला हा विकार होतो, असे वैद्यकशास्त्र सांगते. याचा अर्थ, पहिला रुग्ण व्हेंटिलेटरवर जाण्यापूर्वी त्या परिसरातील दवाखान्यांतून जुलाबाचे कितीतरी रुग्ण औषध घेऊन घरी गेले असले पाहिजेत. त्यांच्या नोंदी रोजकीर्दीत असतील, पण खतावणी झाली नाही. त्या नोंदी तेव्हाच वस्तीनिहाय एकत्र आल्या असत्या तर पाण्याची व अन्नाची तपासणी काही दिवस आधी सुरू होऊ शकली असती. साथीत काही दिवसांची किंमत किती असते हे ज्यांचा माणूस अतिदक्षता विभागात होता त्या कुटुंबांना विचारावे.

पैशांच्या बाजूनेही ही तुलना बोलकी आहे. शौचाच्या कल्चर तपासणीचा खर्च काही शे रुपयांचा असतो. जीबीएसच्या गंभीर रुग्णाला लागणारी इम्युनोग्लोब्युलिनची इंजेक्शने आणि व्हेंटिलेटरवरील दिवस मिळून खर्च लाखांच्या घरात जातो. धर्मादाय रुग्णालयांत निर्धन रुग्णांसाठी दहा टक्के खाटा आणि निर्धन रुग्ण निधी यांची तरतूद आहे. हा निधी एकूण बिलाच्या दोन टक्क्यांतून उभा राहतो. असे थोडे रुग्ण आले तरी तो किती लवकर आटतो, हे विश्वस्तांना वेगळे सांगण्याची गरज नाही.

औषधांचा हिशेब

पिंपरी हे नाव देशाच्या वैद्यकीय इतिहासात एका कारणाने कायमचे नोंदले गेले आहे. १९५४ साली येथे हिंदुस्थान अँटिबायोटिक्स लिमिटेडची स्थापना झाली आणि पुढील वर्षी देशी पेनिसिलिन तयार होऊ लागले. ज्या गावाने देशाला प्रतिजैविके दिली त्या गावाने ती जपून वापरण्याचा वस्तुपाठही द्यावा, ही अपेक्षा रास्त ठरेल.

प्रत्यक्षात जुलाब सुरू होताच रुग्ण औषधाच्या दुकानातून दोन गोळ्या घेतो. बहुतेक साध्या जुलाबांना प्रतिजैविकाची गरज नसते, जलसंजीवनी पुरते. गोळी पोटात गेल्यावर घेतलेल्या नमुन्यात जिवाणू वाढण्याची शक्यता कमी होते आणि माग पुसला जातो. शिवाय जिवाणू हळूहळू औषधाला दाद देईनासे होतात. टायफॉइडच्या जिवाणूवर एके काळी हमखास गुणकारी ठरणारे सिप्रोफ्लॉक्सासिन भारतात आज बहुतांशी निष्प्रभ झाले आहे. कोणते औषध अद्याप चालते हे कल्चर तपासणीनेच कळते. म्हणून प्रत्येक नमुना त्या एका रुग्णाबरोबरच त्याच्या मागून येणाऱ्या रुग्णाच्याही उपयोगी पडतो.

एक साथ लपवणारी भीती

नोंद न होण्यामागे आळसापेक्षा भीती मोठी असते. कंत्राटी कामगाराचा दिवस बुडाला की रोजंदारी बुडते. मेसच्या जेवणाविरुद्ध बोलले तर ठेकेदार कामावरून काढील अशी धास्ती असते. आचाऱ्याला जुलाब झाले तर तो ते लपवतो, कारण त्या दिवशी कामावर गेला नाही तर दुसरा आचारी त्याच्या जागी उभा राहतो. टायफॉइडमधून बरे झालेल्यांपैकी काहींच्या शरीरात जिवाणू महिनोन्महिने टिकून राहतात आणि त्यांना स्वतःला काहीच त्रास होत नाही. अशा माणसाला शिक्षा केली तर पुढचा माणूस तपासणीलाच येणार नाही.

यास्तव नोंद ठेवणाऱ्याने एक पथ्य कसोशीने पाळले पाहिजे. नोंद साथ शोधण्यासाठी असते, माणूस शोधून त्याची भाकरी काढून घेण्यासाठी नसते. कायद्याने आरोग्य यंत्रणेला देणे आवश्यक असलेली माहिती तेवढी दिली जावी आणि रुग्णाचे नाव मालकाच्या किंवा ठेकेदाराच्या हाती पडू नये. उद्योजक देणगीदारांनाही एक नम्र सूचना करावीशी वाटते. जुलाब झालेल्या आचाऱ्याला व वाढप्याला त्रास थांबल्यावर आणखी दोन दिवस पगारी सुटी द्यावी. कोणत्याही साथीच्या खर्चापुढे ती स्वस्त पडते.

आपण काय करू शकतो

रुग्णांच्या नातेवाइकांनी डॉक्टरांना गेल्या तीन दिवसांतील जेवणाची ठिकाणे सांगावीत. ताप असेल तर दोन आठवड्यांतील बाहेरचे खाणे आठवून पाहावे. घरात, खोलीत किंवा कामावर आणखी कोणाला तसाच त्रास आहे का, तेही सांगावे. डॉक्टरांनी शौचाचा नमुना मागितला तर संकोच न करता प्रतिजैविकाची पहिली गोळी घेण्यापूर्वी तो द्यावा. जलसंजीवनी तत्काळ सुरू करावी. शौचात रक्त, तीव्र ताप, लघवी कमी होणे, मूल सुस्त पडणे ही लक्षणे दिसल्यास विलंब करू नये. जुलाबानंतर तीन आठवड्यांच्या आत पायांत मुंग्या किंवा अशक्तपणा जाणवला तर त्याच दिवशी मोठ्या रुग्णालयात जावे.

उपाहारगृह चालवणाऱ्या आस्थापनांनी प्रत्येक जेवणातील प्रत्येक पदार्थाचा थोडा नमुना झाकून, तारीख घालून दोन-तीन दिवस शीतपेटीत ठेवावा. संकट आलेच तर निर्दोष आचाऱ्याचा तोच साक्षीदार ठरतो.

रुग्णालयाच्या बाजूने येत्या वर्षासाठी तीन गोष्टी प्रस्तावित आहेत. उलट्या-जुलाब व दीर्घ ताप यांच्या केसपेपरवर आजार सुरू झाल्याची वेळ, राहण्याची वस्ती, कामाचे ठिकाण, जेवणाचे ठिकाण आणि पिण्याचे पाणी असे पाच रकाने असावेत. दर सोमवारी मागील आठवड्याच्या नोंदींची खतावणी होऊन एका ठिकाणचे दोन किंवा अधिक रुग्ण आढळल्यास आरोग्य विभागास त्याच दिवशी कळवले जावे. निर्धन रुग्णाची कल्चर तपासणी पैशांअभावी राहू नये, यासाठी स्वतंत्र निधी असावा.

या तिसऱ्या बाबीसाठी देणगीदारांना विनंती आहे. नव्या यंत्रावर किंवा वॉर्डच्या भिंतीवर दात्याच्या नावाची संगमरवरी पाटी लागते आणि ती लागणे योग्यच आहे. शौचाच्या नमुन्याच्या बाटलीवर कोणाचे नाव कोरता येत नाही. या दानाचे फळही दिसत नाही, कारण जी साथ आली नाही तिचे छायाचित्र अहवालात छापता येत नाही. तरीही एका वेळेवर केलेल्या तपासणीमुळे दुपारच्या पाळीचे ताट थांबले आणि दोनशे माणसे संध्याकाळी धडधाकट घरी गेली, तर त्या दोनशे घरांतील चूल त्या दानाने पेटती राहिली असे म्हणता येईल.

ताळेबंदाच्या दोन्ही बाजू जुळल्या की हिशेबनीस समाधान पावतो. आजारांच्या खतावणीत मात्र नुसती जुळणी पुरेशी नाही. एखाद्या खात्यावर बोजा वाढू लागला की तो त्याच आठवड्यात दिसला पाहिजे आणि त्यावर कोणीतरी कृती केली पाहिजे. 

प्रशासकीय अधिकारी